गळू फुटलं, पण झालं कशानं?

आमच्या बचत गटाची बैठक दर महिन्याच्या दहा तारखेला असते. सतरंजीवर पंधरा-सोळा जणी दाटीवाटीनं बसतात, हप्ते गोळा होतात, चहा होतो आणि मग खऱ्या गप्पांना रंग चढतो. अशाच एका बैठकीत एक वैनी दाराच्या चौकटीला टेकून उभ्याच राहिल्या. “बसा की वैनी,” म्हटलं, तर म्हणाल्या, “न्हाई ओ ताई, मी हितंच उभारतो. सकाळपास्नं बसूनच हाय.” पुढच्या महिन्यातही तेच. त्याच्या पुढच्या महिन्यात बसल्या, पण एका बाजूवर भार देऊन, तिरक्या.

चहाचे कप विसळताना मी त्यांना एकटं गाठलं. आधी “काय न्हाई, काय न्हाई” झालं. मग डोळ्यांत पाणीच आलं. “ताई, खाली बेंड आलंय. फुटतंय, पुन्यांदा भरतंय. कापडाची घडी घेतल्याबिगर भाईर पडता येत न्हाई.” किती दिवस? आठ महिने! घरात कुणाला सांगितलं? कुणालाच नाही. रोज घडी का लागते असं सासूबाईंनी विचारलं तेव्हा “पाळीचं बिघडलंय” म्हणून वेळ मारून नेली होती.

मैत्रिणींनो, पाळीविषयी बोलायला आपण आता कुठं शिकलोय. पण या बाईला संडासच्या जागेचं दुखणं सांगण्यापेक्षा पाळीचं खोटं सांगणं सोपं वाटलं! यावरूनच कळेल, ही जागा आपल्याकडं किती लाजेची आहे ते. म्हणून आज त्याच जागेबद्दल लिहितेय. सकाळी चहाबरोबर पुरवणी वाचणाऱ्यांनी नाक मुरडू नये. वाटल्यास चहा संपवून वाचा, पण वाचा.

आधी नावांचा घोळ मिटवू या. त्या जागी काहीही झालं की आपण सरसकट ‘मूळव्याध’ म्हणतो. प्रत्यक्षात तिथं निदान चार वेगवेगळी दुखणी होतात. शिरा फुगून कोंब येतात आणि बहुधा न दुखता रक्त पडतं, ती मूळव्याध. कडक शौचानं कातडीला चीर पडते आणि शौचाच्या वेळी ब्लेडनं कापल्यासारखं होतं, ते फिशर. जागेच्या शेजारी गाठ येते, ठणकते, ताप येतो, बसवत नाही, ते गळू, म्हणजे आपल्या भाषेत बेंड. आणि गळू फुटून किंवा फोडून गेल्यावरही एखादं बारीक भोक राहतं, त्यातून अधूनमधून पू-पाणी येत राहतं, ते भगंदर. आतलं आतडं आणि बाहेरची कातडी यांच्यामध्ये एक चोरवाटच तयार होते म्हणा ना. आमच्या वैनींना भगंदर झालं होतं आणि त्या आठ महिने मूळव्याधीची पुडी खात होत्या. दुखणं एक आणि औषध भलतंच, मग गुण येणार कसा?

आता मूळ प्रश्नाकडं येते. हे गळू होतं कशानं?

दहातल्या नऊ वेळा कारण साधं असतं. गुदमार्गाच्या आत थोड्या अंतरावर बारीक बारीक ग्रंथी असतात. त्यातल्या एखादीचं तोंड बुजतं, आत जंतू माजतात, पू होतो आणि तो वाट काढत कातडीपर्यंत येतो. यात रुग्णाचा काही दोष नसतो. अस्वच्छता म्हणून झालं, तिखट खाल्लं म्हणून झालं, असं बाईला ऐकवण्यात काही अर्थ नाही. डॉक्टर चीर देऊन पू काढतात आणि बऱ्याच जणी तेवढ्यानं बऱ्या होतात. साधारण तिघींतल्या एकीला, कधी त्याहून जास्त जणींना, पुढं भगंदर राहतं. पुरुषांमध्ये हा आजार बायकांच्या जवळपास दुप्पट दिसतो. म्हणूनच की काय, “बायकांना कुठलं आलंय भगंदर” असाही एक समज आहे. तो खोटा आहे.

पण माझं आजचं म्हणणं आहे ते उरलेल्या दहाव्या बाईबद्दल. तिचं गळू ग्रंथीमुळं नसतं. त्याच्या मागं दुसरंच काही दडलेलं असतं, आणि ते कुणी शोधलं नाही तर गळू कितीदाही फोडा, ते परत येतं. आमच्या वैनी त्या दहाव्या होत्या.

त्यांना दवाखान्यात नेण्याआधीच एकदा गळू फोडून झालं होतं. ते भरून आलं आणि दीड महिन्यात बाजूला दुसरं आलं. तेही फोडलं. दोन्ही वेळा पू काढला आणि कापसाबरोबर बादलीत टाकला. तिसऱ्या डॉक्टरांनी मात्र पहिला प्रश्न वेगळाच विचारला, “घरात कुणाला टीबी झाला होता का?” वैनी गप्प. मग हळूच म्हणाल्या, “मामंजींना झालता. दोन वर्सं झाली.” डॉक्टरांनी पू आणि आतला छोटा तुकडा तपासायला पाठवला. क्षयाचे जंतू निघाले.

बाहेर आल्यावर वैनींनी मला विचारलेला प्रश्न मी विसरणार नाही. “ताई, मला खोकला न्हाई की. मग टीबी खाली कसा?”

हा प्रश्न तुमच्याही मनात आला असेल. आपल्याला टीबी म्हटलं की खोकला, थुंकीतून रक्त, खंगलेली छाती एवढंच माहीत असतं. पण क्षय केस आणि नखं सोडून शरीरात कुठंही होऊ शकतो. मानेच्या गाठीत होतो, मणक्यात होतो, गर्भाशयात होतो, आतड्यात होतो आणि गुदद्वाराशीही होतो. थोरले माधवराव पेशवे १७७२ साली थेऊरला क्षयानं गेले हे आपण शाळेत शिकलो. तोही क्षय पोटातला होता असंच इतिहासात सांगतात. आज जगातल्या टीबीच्या रुग्णांपैकी जवळपास चौथा हिस्सा एकट्या भारतात आहे. अशा देशात न भरणाऱ्या गळवामागं टीबी असेल का, हा विचार डॉक्टरांच्या आणि आपल्याही मनात यायलाच हवा. छातीत काही नसतानाही तो तिथं असू शकतो. संध्याकाळचा बारीक ताप, घटणारं वजन, अन्नावरची वासना जाणं, एकाऐवजी दोन-तीन भोकं पडणं, पू पातळ पाण्यासारखा येणं, ही त्याची चाहूल असते.

यात एक बारीक पण फार कामाची गोष्ट आहे, ती लिहून ठेवा. तपासणीला पाठवायचा तुकडा फॉर्मलिनच्या बाटलीत टाकला, तर सूक्ष्मदर्शकाखाली पेशी दिसतात, पण फॉर्मलिनमध्ये जंतू मरतात, मग ते वाढवून बघता येत नाहीत. म्हणून तुकड्याचा एक भाग फॉर्मलिनमध्ये आणि दुसरा साध्या सलाइनमध्ये पाठवावा लागतो. पूही पाठवता येतो. हल्ली सीबीनॅट नावाची तपासणी सरकारी यंत्रणेत मोफत होते. तिचा निकाल काही तासांत येतो आणि नेहमीचं मुख्य औषध लागू पडेल की नाही हेही कळतं. टीबीची औषधं मोफत आहेत. आहारासाठी निक्षय पोषण योजनेतून २०१८ पासून महिना ५०० रुपये मिळायचे, नोव्हेंबर २०२४ पासून १००० रुपये झाले. वैनींनी सहा महिने गोळ्या घेतल्या. त्यांची वाट त्या गोळ्यांनीच वाळली. कुणाला पुढं छोटं ऑपरेशनही लागतं. पण आधी गोळ्या नाहीत आणि नुसतंच कापत राहिलं, तर जखम भरत नाही.

टीबी हे एक कारण झालं. आता दुसरं ऐका. हे खास आपल्या कोल्हापूरचं वाटावं असं आहे!

आपल्याकडं तांबड्या-पांढऱ्याशिवाय पाहुणचार पुरा होत नाही. मटण तोडताना हाडाचे बारीक कणके उडतात, ते धुताना निघाले नाहीत तर रश्श्यात येतात. घाईघाईनं जेवणारा माणूस एखादा अणकुचीदार तुकडा गिळतो आणि त्याला पत्ताही लागत नाही. बहुतेक वेळा तो शौचावाटे निघून जातो. पण क्वचित शेवटच्या वळणावर, गुदमार्गाच्या भिंतीत, तो रुततो आणि तिथं गळू धरतं. माशाचा काटा, कोंबडीचं हाड, दात कोरायची काडी अशा गोष्टी गळवातून निघाल्याच्या नोंदी जगभरच्या डॉक्टरांनी केलेल्या आहेत. तो तुकडा काढला की दुखणं बरं. तो आतच राहिला तर वरून कितीही मलम लावा, उपयोग शून्य.

आणि गंमत बघा, हे काही आजच्या मशीननी शोधलेलं नाही. आपल्या सुश्रुतसंहितेत भगंदराचे पाच प्रकार सांगितलेत, शतपोनक, उष्ट्रग्रीव, परिस्रावी, शंबूकावर्त आणि उन्मार्गी. त्यातला हा शेवटचा उन्मार्गी कशानं होतो? मांसाबरोबर गिळलेल्या हाडानं! ते हाड मळाबरोबर आडवंतिडवं खाली येतं, जागेला जखम करतं आणि तिथून भगंदर होतं, असं तिथं स्वच्छ लिहिलंय. चरकसंहितेतही कारणांमध्ये जंत, हाड, कुंथणं, उकिडवं बसणं आणि घोड्याची रपेट मोजली आहेत. सांगायचा मुद्दा असा, की ‘हे कशानं झालं’ हा प्रश्न आपल्या जुन्या वैद्यांनी शेकडो वर्षांपूर्वी विचारला होता. आपण मात्र आज फोडलं, पट्टी बांधली, घरी चला, एवढ्यावर भागवतोय.

तिसरं कारण फक्त आपलं, बायकांचं. बाळंतपणात कधी खालपर्यंत फाटतं, कधी डॉक्टर चीर देतात आणि टाके घालतात. बहुतेकींचे टाके नीट भरतात. एखादीचे पिकतात, तिथं गळू होतं आणि मग योनी आणि गुदमार्ग यांच्यामध्ये वाट पडते. वारा किंवा मळ योनीवाटे यायला लागतो. ती बिचारी “अंगावरून पांढरं जातंय” म्हणून औषध घेत बसते. माझ्या ओळखीच्या एका सुनेनं दोन वर्षं हळदीकुंकवाला जाणं सोडलं होतं, अंगाला वास येतो म्हणून. देवळाची पायरी चढली नाही. नवऱ्याजवळही गेली नाही. घरात सगळ्यांना वाटलं, ही माणूसघाणी झाली. या दुखण्यावर ऑपरेशन आहे, ते होतं, आणि बाई पुन्हा चारचौघींत मिसळते. पण त्यासाठी तिनं तोंड उघडायला हवं आणि आपण तिला ते उघडू द्यायला हवं.

योनीच्या तोंडाशी ओलावा ठेवणाऱ्या दोन ग्रंथी असतात, त्यांचंही गळू होतं. ते वेगळं आणि त्याचा इलाजही वेगळा. म्हणूनच नेमकी जागा दाखवल्याशिवाय नुसतं “खाली दुखतंय” एवढ्यावर औषध घेऊ नका.

आणखीही काही कारणं आहेत. क्रोन्स नावाचा आतड्याचा आजार आहे. १९३२ साली न्यूयॉर्कच्या डॉ. क्रोन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याचं वर्णन केलं म्हणून हे नाव. यात पोटात कळा, वारंवार जुलाब आणि बुडाशी एकाहून जास्त भगंदरं होतात. पूर्वी तो परदेशातला आजार समजत, आता आपल्याकडंही सापडतो. पंचाईत अशी, की क्रोन्स आणि आतड्याचा टीबी दिसायला जुळे भाऊ. क्रोन्सची काही औषधं शरीराची प्रतिकारशक्ती दाबतात. असलाच टीबी आणि दिली ती औषधं, तर टीबी भडकायचा. म्हणून इथं अंदाजपंचे चालत नाही, तपासच हवा.

माकडहाडाच्या खोबणीत केस आत रुतून गळू होतं, ते भगंदरासारखंच वाटतं पण गुदमार्गाशी त्याचा संबंध नसतो. दुसऱ्या महायुद्धात जीपमधून दणके खात फिरणाऱ्या अमेरिकन सैनिकांना ते इतकं झालं, की त्याला ‘जीपचा आजार’च म्हणायला लागले. काखेत, जांघेत आणि बुडाशी अशी सगळीकडं वारंवार करटं उठत असतील, तर तो घामाच्या जागांचा कातडीचा आजार असू शकतो. तो सर्जनपेक्षा आधी त्वचेच्या डॉक्टरांचा विषय. मुलांना होतात ते सुतासारखे जंतसुद्धा क्वचित अशा गळवात सापडले आहेत. आणि फार वर्षं वाहत राहिलेल्या भगंदरात क्वचित कर्करोगही असतो. क्वचित म्हणतेय, घाबरवण्यासाठी नाही. पण दहा वर्षं वाहणारं भोक ‘अंगवळणी पडलंय’ म्हणून सोडून देऊ नका, एवढ्यासाठी.

मधुमेहाचं वेगळं सांगायला हवं. कितीतरी जणींना आपल्याला साखर आहे हे अशा गळवाच्या निमित्तानंच पहिल्यांदा कळतं. साखर वाढलेली असली की गळू झपाट्यानं पसरतं, कातडी काळी पडते आणि एक-दोन दिवसांत जिवावर बेततं. तेव्हा बुडाशी गळू म्हणजे साखर तपासलीच पाहिजे. तसंच एचआयव्हीची तपासणी डॉक्टरांनी सांगितली तर त्यात अपमान मानू नका. ती सरकारी दवाखान्यात मोफत आणि गुप्त ठेवून होते. नवऱ्याकडून आलेला आजार बायकोच्या चारित्र्यावर डाग नसतो, हे आपणच आपल्याला सांगायला हवं.

आता तुम्ही म्हणाल, ताई, एवढं सगळं आम्ही कसं लक्षात ठेवायचं? ते डॉक्टरांचं काम. अगदी बरोबर. पण डॉक्टरांपर्यंत पोचायचं काम तर आपलंच ना? तिथंच घोडं अडतं.

मला वाटतं, आपल्या बायकांची वाट तीन ठिकाणी चुकते. पहिलं, लाज. दुसरं, ‘बाई डॉक्टर नाहीत, पुरुष डॉक्टरांना कसं दाखवू’ हा अडसर. तिसरं, स्टँडजवळच्या भिंतीवरच्या पाट्या. ‘मूळव्याध, भगंदर, विना ऑपरेशन, एका दिवसात खात्रीशीर इलाज.’ तिथं कुणाला कपडे उतरवून नीट तपासून घ्यावं लागत नाही, नाव-पत्ता लागत नाही, म्हणून बायका आडून आडून तिथं जातात. कुणाच्याही हातून इंजेक्शन आणि कसला तरी खार लावून घेतात. जागेभोवती एक गोल स्नायू असतो, शौच रोखून धरणारा. बायकांमध्ये तो पुढच्या बाजूनं मुळातच आखूड असतो, त्यात बाळंतपणात ताणलेला. तो अडाण्याच्या हातानं कापला किंवा जाळला गेला, की मग शौचावर ताबा राहत नाही. भगंदर परवडलं म्हणायची पाळी येते.

इथं एक गैरसमज होऊ नये. क्षारसूत्राला मी नावं ठेवत नाही. औषध लावलेला दोरा भगंदराच्या वाटेतून ओवून ती हळूहळू कापत भरून आणायची ही पद्धतही सुश्रुतांच्याच परंपरेतली. काशीच्या बनारस हिंदू विद्यापीठात प्रा. पी. जे. देशपांडे यांनी तिला नव्यानं उजेडात आणलं. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेनं अनेक केंद्रांत तिची ऑपरेशनशी तुलना करून १९९१ साली निकाल छापला. दोऱ्यानं बरं व्हायला साधारण आठ आठवडे लागले, ऑपरेशननं चार. पण दुखणं उलटण्याचं प्रमाण दोऱ्यात ४ टक्के आणि ऑपरेशनमध्ये ११ टक्के आढळलं. म्हणजे शिकलेल्या, पदवीधर वैद्यांच्या हातचं क्षारसूत्र हा चांगला इलाज आहे. भिंतीवरच्या पाटीवाल्याच्या हातचा दोरा म्हणजे नुसताच दोरा! आणि वाटेच्या मुळाशी टीबी असेल, तर दोरा काय आणि सुरी काय, आधी टीबीचीच औषधं हवीत.

लाजेबद्दल काय सांगू? हा आजार राजालाही चुकला नाही. फ्रान्सचा चौदावा लुई, केवढा थोरला बादशहा, त्यालाही भगंदर झालं. १६८६ च्या नोव्हेंबरात त्याचं ऑपरेशन झालं. त्याच्या सर्जननं आधी कित्येक महिने गरीब रुग्णांवर हात बसवून घेतला होता म्हणे. राजा बरा झाला तशी दरबारात त्या ऑपरेशनचीच चर्चा. इंग्रजी कादंबरीकार चार्ल्स डिकन्सवरही १८४१ साली हेच ऑपरेशन झालं. ते करणाऱ्या डॉ. फ्रेडरिक सॅमन यांनी १८३५ साली लंडनमध्ये फक्त सात खाटांचा एक दवाखाना काढला होता, खास भगंदरानं पिडलेल्या गोरगरिबांसाठी. तोच पुढं सेंट मार्क्स म्हणून जगप्रसिद्ध झाला. ज्या जागेचं नाव घ्यायला आपण लाजतो, त्या जागेसाठी कुणी आख्खा दवाखाना उभारतो!

आणि पुरुष डॉक्टरांचा अडसर? तो आपल्या आज्या-पणज्यांनाही होताच. म्हणून तर राजर्षी शाहू महाराजांच्या काळात कृष्णाबाई केळवकरांसारखी कोल्हापूरची लेक डॉक्टर झाली आणि इथल्याच आल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलात तिनं बायकांवर उपचार केले. तेच आजचं सीपीआर, आपला थोरला दवाखाना. शंभर वर्षांपूर्वी जे घडलं, त्याचा फायदा आज आपण घेणार नसू, तर चूक कुणाची? आता स्त्री-सर्जनही आहेत. नसतील तिथं तपासताना नर्स किंवा घरची बाई सोबत थांबू द्या म्हणून सांगायचं. सांगायला संकोच कसला? ती तपासणी दोन मिनिटांची असते. वैनींनी ती दोन मिनिटं टाळण्यासाठी आठ महिने काढले.

आता मुद्द्याचं, कात्रण करून ठेवण्यासारखं.

बसता येत नाही असा ठणका आणि ताप असेल, तर पोटीस बांधून, गोळ्या खाऊन चार दिवस बघू म्हणू नका. कधी कधी गळू खोल असतं, बाहेर सूज दिसत नाही, नुसता आत ठणका आणि ताप. पू झाला की तो काढावाच लागतो, गोळ्यांनी जिरत नाही. मधुमेह असेल, लघवी अडली असेल, लाली पसरत असेल किंवा कातडी काळवंडली असेल, तर त्याच दिवशी, रात्र असली तरी दवाखाना गाठा. कोमट पाण्याच्या टबात बसल्यानं आराम पडतो, पण तो नुसता आराम, इलाज नव्हे.

डॉक्टरांना काही लपवू नका. घरात कुणाला टीबी होता का, वजन घटलंय का, जुलाब होतात का, बाळंतपणात टाके पिकले होते का, काखेत करटं येतात का, हाड किंवा काटा गिळल्याचं आठवतं का. यातलं जे असेल ते विचारण्याची वाट न बघता सांगा. आणि गळू दुसऱ्यांदा आलं, किंवा दीड-दोन महिन्यांत जखम भरली नाही, की एक वाक्य बोलायला शिका: “डॉक्टर, पू आणि तुकडा तपासायला पाठवाल का? हे कशानं झालं ते मला कळायला हवं.” असं विचारणं म्हणजे उद्धटपणा नव्हे. चांगले डॉक्टर यानं रागावत नाहीत. वाट कुठून कुठं गेलीय हे बघायला एमआरआय सांगितला, तर तो खर्च वाढवायला असेलच असं नाही. स्नायू वाचवायचा तर नकाशा लागतोच. पैशाची अडचण असेल तर महात्मा फुले योजनेत काय बसतं ते दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला विचारा. गावातल्या आशाताईला विश्वासात घ्या. तिला असल्या गोष्टींची सवय असते.

डॉक्टर मंडळींनाही हात जोडून एक विनंती. तुमच्या बाहेर रांग लागलेली असते, मान्य. पण एखादी बाई दुसऱ्यांदा तेच गळू घेऊन आली, तर तिचा पू बादलीत टाकण्याआधी एक क्षण थांबा. तिनं तुमच्यापर्यंत यायला किती बळ गोळा केलंय, ते तुम्हाला दिसत नाही.

आणि घरातल्यांनो, सून तिरकी बसते, लेक उभ्यानंच जेवते, आई सारखी कूस बदलते, हे तुम्हाला दिसत असेल ना? मग विचारा की. “काय दुखतंय गं?” या तीन शब्दांना पैसे पडत नाहीत.

परवाच्या दहा तारखेला वैनी सगळ्यांत पुढं मांडी ठोकून बसल्या होत्या. हप्ता भरला, चहा घेतला. तेवढ्यात त्यांची नजर मागं गेली. गटात नवीनच आलेली एक पोरगी भिंतीला टेकून उभी होती. वैनी उठल्या, तिच्याजवळ गेल्या आणि कानाशी लागून म्हणाल्या, “काय गं, का बसंनास? चल भाईर, सांग मला.”

दोघी बराच वेळ बाहेरच होत्या. आम्ही चहा झाकून ठेवला.